सुदामा नगरातला बचनाग

इंदुरात बचनाग फुलवून दाखवतो, हे वाक्य मी चौथी वाटी श्रीखंड संपल्यावर बोललो होतो, ही गोष्ट पुढे कोणीच विचारात घेतली नाही. मी विम्याच्या कचेरीत दावे तपासतो. माणूस काय बोलला आणि कुठल्या अवस्थेत बोलला, याची आमच्याकडे वेगवेगळ्या रकान्यांत नोंद होते. घरात तशी सोय नसते. घरात बोललात की बोललात.

प्रसंग होता माझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. नानासाहेब, म्हणजे आमचे नाना, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच, सुदामा नगरात, खालच्या खोलीत राहतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसला आहे, आणि माझी बायको निवेदिता तीन वर्षं त्यांच्या मागे लागली होती की ऑपरेशन करून घ्या. नाना म्हणत, आता बघण्यासारखं उरलंय काय. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी शेजारच्या उदयसिंहजींच्या दोरीवर वाळत घातलेल्या सफारीला नमस्कार करून गुडघेदुखीची चौकशी केली, आणि उत्तर आलं नाही म्हणून उदयसिंहजींशी दोन दिवस बोलणं टाकलं. तरीही ऑपरेशन नको म्हणजे नकोच.

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर कोणीतरी विचारलं, नाना, काही इच्छा राहिली आहे का. असं विचारलं की म्हाताऱ्या माणसाने काशी-रामेश्वर म्हणायचं असतं. नाना म्हणाले, बचनाग. चौतीस वर्षं त्यांनी वर्गात बचनाग शिकवला. हिमालयात दहा-बारा हजार फुटांवर उगवणारी, मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी वनस्पती. वैद्य तिचं मूळ शुद्ध करून औषधात घालतात, आणि थंड मुलखातले लोक ती बागेत शोभेसाठी लावतात, कारण फूल गडद निळं असतं. हे सगळं नानांनी कॉलेजच्या कपाटातल्या एका वाळवलेल्या नमुन्यावर शिकवलं, आणि तो नमुना तंबाखूच्या रंगाचा होता. जिवंत फूल त्यांनी कधी पाहिलं नाही. सहल निघायची तेव्हा कधी परीक्षा आड यायच्या, कधी बाळंतपण, आणि आता हृदयाच्या डॉक्टरांनी डोंगर बंद केले होते.

"तो निळा रंग समोर येणार असेल तर डोळ्यांचं बघू," नाना म्हणाले. "नाहीतर इंदूर मला पाठ आहे."

निवेदिता ताटं उचलायला लागली, पण मला तिचा चेहरा दिसला. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, नाना, येत्या हिवाळ्यात आपल्या गच्चीवर बचनाग फुलेल, तुम्ही डॉक्टरांची तारीख घेऊन ठेवा. नानांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"यतीनराव," ते म्हणाले, "ती सदाफुली नाही."

एवढ्यावर शहाणा माणूस हसून विषय बदलतो. माझा मात्र तिथे अपमान झाला, आणि माझी सगळी मोठी कामं अपमानातूनच सुरू झालेली आहेत.

पहिला महिना बचनाग मिळवण्यात गेला. इथल्या नर्सरीवाल्याने मला मोठ्या विश्वासाने एक वेल दिली. नानांनी तिची पानं बोटांनी चाचपली आणि ही कळलावी आहे, असं सांगून दोन मिनिटांत तिची विल्हेवाट लावली. शेवटी हिमाचलातल्या एका नर्सरीने, जिथे ही फुलं बागेसाठी मुद्दाम वाढवतात, सहा कंद कुरियरने पाठवले. डब्यावर लाल अक्षरांत विषारी असल्याचं लिहिलं होतं. कुरियरवाल्याने डबा फाटकाबाहेर ठेवला, चार पावलं मागे जाऊन मला सही करायला लावली आणि त्याचं पेन परत न घेता मलाच ठेवून घ्यायला सांगितलं.

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की कंद लावण्याआधी तीन महिने थंडीत ठेवावेत. मी ते फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले. संध्याकाळी निवेदिताने कप्पा उघडला. ते कंद काळपट, बोटाएवढे, आल्याच्या शेजारी अगदी आल्याचे चुलतभाऊ असल्यासारखे पडले होते. तिने मला शांतपणे विचारलं की सकाळी सहा वाजता, अर्धवट झोपेत, ती चहात हाताला येईल ते किसून टाकते, हे मला ठाऊक आहे का. मला ठाऊक होतं. पाच मिनिटांत कंद घराबाहेर होते आणि त्यांच्यासोबत थोडा वेळ मीही होतो.

मग बड़ा गणपतिजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी छोटा फ्रिज आणला. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, भिया, इसमें एक ही खराबी है, ठंडा जरा ज्यादा करता है. इतका मनासारखा दोष मला आजवर कुठल्याच वस्तूत सापडला नव्हता. फ्रिजला कडी ठोकून कुलूप लावलं आणि रिकामा प्लग फक्त पुढच्या खोलीत होता म्हणून तो तिथे ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सोफ्याशेजारी एक कुलूपबंद फ्रिज दिसायला लागला.

उदयसिंहजी सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, देवमाणूस. ते दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लवंगी शेवेचं पुडकं घेऊन आले, सोफ्यावर बसले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, अधूनमधून फ्रिजकडे पाहिलं आणि तासाभराने उठून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्यांनी शेवेचं पुडकं स्वतःच फोडलं, आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "यतीन भिया, अपने से क्या परदा?" शेव कशाच्या सोबतीला आणली होती, याचा तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कुलूप काढून त्यांना कंदांची बरणी दाखवली. ते बराच वेळ बरणीकडे बघत राहिले. मग, ये तो मूली है, असं म्हणून उरलेली शेव घेऊन घरी गेले. त्या गडबडीत एक कंद बरणीबाहेर राहिला आणि सुकला. नानांनी खालच्या खोलीतून विचारलं, किती राहिले. मी पाच म्हणालो. नाना फक्त "हं" म्हणाले. या माणसाने चौतीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या आहेत आणि त्यांचं "हं" कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा स्पष्ट असतं.

दिवाळी झाल्यावर पाच कुंड्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, उत्तरेच्या सावलीत मांडल्या. फ्रिजचा राग उदयसिंहजींनी मनात ठेवला नव्हता. उलट आता त्यांना सल्ला देण्यासाठी हक्काची जागा मिळाली. त्यांच्या मते कुठल्याही रोपाला छाछ, म्हणजे ताक, घातली की ते फोफावतं. मी नको म्हणालो. पण सल्ला देणारा माणूस माळव्याचा असला की तो सल्ला स्वतःच अमलात आणून मग सांगतो. चार राहिले.

मुकुल हा निवेदिताचा मामेभाऊ, वैद्य. तो मुद्दाम बचनाग बघायला आला, आणि चहा पिता पिता त्याने बचनागाचं मूळ गोमूत्रात किती दिवस ठेवून शुद्ध करतात, ते इतक्या बारकाईने सांगितलं की निवेदिताने आपला कप खाली ठेवला. मग तो गच्चीवर गेला आणि मूळ कितपत धरलंय बघू, म्हणून त्याने एक कंद उपटून पाहिला. चांगलं धरलं होतं, असं तो म्हणाला. तीन राहिले.

दुपारी ऊन चढायचं म्हणून मी कुंड्यांभोवती बर्फ रचायला लागलो. उसाच्या रसवाल्याकडून बर्फाची लादी आणायची, गोणपाटात फोडायची आणि कचेरीत जायच्या आधी मांडायची. गल्लीत माझ्याविषयी काय बोलत असतील याची मला कल्पना होती, कारण रसवालाच मला सांगायचा. एका कुंडीला मी बर्फ जरा जास्तच जवळ लावला आणि रोप थंडीने गारठून मेलं. हिमालयातलं रोप इंदुरात थंडीने मेलं, हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मला वाटतं त्यांना ते ऐकायला बरं वाटत होतं. मग एके दिवशी नळाला नर्मदेचं पाणी आलं, मी मोटर चालू करून मोबाइलवर बोलत बसलो, टाकी भरून वाहिली आणि टाकीमागच्या दोन कुंड्यांपैकी एक तळ्यासारखी झाली.

एक राहिला. आणि त्या एका रोपासाठी मी काय काय केलं, ते माझ्या सख्ख्या भावालाही मी सांगणार नाही. जानेवारीत थंडीची लाट आली. सगळं इंदूर शेकोटीभोवती बसून गरम पोहे खात होतं, शाळांच्या वेळा बदलल्या, आणि मी एकटा सकाळी पेपरात पारा किती उतरला ते बघून खूश होत होतो. रोप गुडघ्याएवढं झालं. शेंड्यावर हिरवट कळ्यांचा एक तुरा दिसायला लागला. मी नानांना सांगितलं. नाना या वेळी "हं" म्हणाले नाहीत. त्यांनी कळ्यांचा आकार विचारला आणि मी बोटाने त्यांच्या तळहातावर काढून दाखवला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या प्रामाणिकपणाने घात केला.

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी साडेसातला गाणं वाजवत येते. इंदूरचा माणूस देवाला एक वेळ खोटं सांगेल, गाडीवाल्याला नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, काच वेगळी, औषधं आणि बॅटऱ्या वेगळ्या. पाहुण्याने बिस्किटाचा कागद चुकीच्या डब्यात टाकला तर निवेदिता त्याच्या देखत तो उचलून बरोबर डब्यात टाकते. बचनागाची खालची पाच पानं पिवळी पडून गळली होती. दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने ती गुपचूप टाकून दिली असती. मी रबरी हातमोजे घालून ती पिशवीत धरली आणि रांगेतून पुढे होऊन विचारलं, "भिया, ये जहरीले पत्ते हैं. गीले में जाएंगे कि हानिकारक में?"

गाडीवाल्याने गाणं बंद केलं. आमच्या गल्लीत ते गाणं मध्येच थांबलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याने विचारलं, कितना जहरीला. मी खरं ते सांगितलं, की पोटात गेलं तर माणूस मरू शकतो. माझ्या मागची रांग एक पाऊल मागे सरकली. गाडीवाल्याने आपली यादी काढून वाचली. त्यात डायपर होतं, बल्ब होता, मुदत संपलेल्या गोळ्या होत्या, पण विषारी पानं नव्हती. यादीत नसलेला कचरा घ्यायला तो तयार होईना, आणि कचरा न घेता जायलाही तयार होईना. शेवटी त्याने दरोग्याला, म्हणजे सफाईच्या साहेबाला, फोन लावला.

नऊ वाजेपर्यंत मोहल्ल्याच्या ग्रुपवर बातमी होती की यतीनजींच्या गच्चीवर एक झाड आहे, त्याची हवा लागली तरी माणूस जातो. दहाला शारदाकाकू आल्या. त्या आमच्या पलीकडच्या घरात राहतात आणि गेली वीस वर्षं रोज पहाटे गल्लीतल्या सगळ्या कुंपणांवरची फुलं तोडून देवाला वाहतात. देवाच्या फुलांना विचारायचं नसतं, हा त्यांचा नियम. आपण गल्लीत फुलं तोडत असताना मी विष वाढवत होतो, हा विश्वासघात आहे, असं त्या म्हणाल्या. दुपारी नोटीस आली. सात दिवसांत रोप हटवा किंवा अनापत्ति, म्हणजे ना-हरकत दाखला, आणून दाखवा.

कळ्या उमलायला आठ-दहा दिवस होते. मी रजा टाकली आणि अनापत्ति आणायला निघालो. एका खिडकीवर म्हणाले, कुंडीतलं रोप झाडात बसत नाही, आम्ही झाडंच बघतो. दुसऱ्या खिडकीवर विचारलं, कोणी आजारी पडलंय का. नाही म्हटल्यावर म्हणाले, पडल्यावर या. पोलीस थाण्यात नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीजींनी फार आस्थेने ऐकून घेतलं. ते म्हणाले की आमच्याकडे गुन्हा झाल्यावर नोंद होते, तुम्ही फार आधी आलात. सत्तावीस वर्षं मी लोकांना हेच ऐकवत आलोय. दावा अपूर्ण आहे, योग्य कागद जोडा, नंतर या. काउंटरच्या या बाजूला ते वाक्य कसं लागतं ते मला त्या आठवड्यात कळलं, आणि त्यानंतर मी कचेरीत थोडा बरा वागतो, असं लोक म्हणतात.

सहाव्या दिवशी पाहणी ठरली. संहिता मॅडम म्हणून तरुण अधिकारी होत्या, सोबत दरोगा आणि फाईल. गच्चीवर जायच्या आधी त्या खाली बसल्या, कारण शारदाकाकूंनी फुलांची परडी हातात घेऊन तक्रार मांडायला सुरुवात केली होती. मी उलटून बोलणार तेवढ्यात नाना खोलीतून चाचपडत बाहेर आले आणि खुर्ची शोधून बसले.

"शारदाबाई, परडीत काय काय आहे?" नानांनी विचारलं. "मला दिसत नाही, सांगा."

काकूंनी सांगितलं. सोमवार होता, म्हणून महादेवाला धोतरा आणि कण्हेर, आणि कोणाच्या तरी मारुतीसाठी रुईची पानं.

"मॅडम," नाना म्हणाले, "या परडीत तीन विषं आहेत. तिन्ही पोटात जाऊ नयेत अशी. कण्हेर तर या शहरात रस्त्याच्या मधोमध लावलेली असते. आमच्या गच्चीवर चौथं आहे. काढायचं तर चारही काढू."

शारदाकाकूंनी परडी हळूच मांडीवरून खाली ठेवली. नंतर त्यांनी पदराने हात पुसले. मॅडमना हसू आलं पण त्यांनी ते फाईलीत लपवलं. त्या वर गेल्या, रोप पाहिलं, रोपापासून हात लांब ठेवून एक फोटो काढला आणि पंचनाम्यात लिहिलं: मौके पर पौधा शांत पाया गया. जाळीचा पिंजरा, कुलूप आणि कवटीचं चित्र असलेली पाटी, एवढ्या अटींवर रोप वाचलं. पाचही पानं हानिकारकच्या डब्यात जातील, असं मॅडमनी लेखी दिलं. तो कागद मी कचेरीतल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सकाळी पहिली चार फुलं उघडली होती. मी पिंजऱ्यासमोर कितीतरी वेळ उभा राहिलो. तसा निळा रंग मी आजवर पाहिला नव्हता. फुलाची वरची पाकळी पुढे झुकून टोपीसारखी आलेली, आणि आतून निळा आणखी गडद. मला रडू आलं, ते मी इथे सांगून टाकतो, कारण उदयसिंहजींनी ते त्यांच्या गच्चीवरून पाहिलं आहे.

नानांना आम्ही एकोणीस पायऱ्या धरून वर आणलं. ते खुर्चीवर बसले, भिंग काढलं, फुलापासून वीतभर अंतरावर डोळा आणला. निवेदिता माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात धरला होता. नाना बराच वेळ बघत राहिले.

"हे तपकिरी आहे," नाना म्हणाले.

मी म्हणालो, नाना, निळं आहे. निवेदिता म्हणाली, निळं आहे. गच्चीपलीकडून उदयसिंहजीही म्हणाले, नीला है प्रोफेसर साहब, चकाचक नीला. नानांनी मान हलवली. त्यांना तपकिरी दिसत होतं, थेट कपाटातल्या नमुन्यासारखं, आणि ठरलं होतं ते निळ्या रंगाचं. मी तिथेच पायरीवर बसलो. सहा कंद, एक फ्रिज, रोजचा बर्फ, दोन खिडक्या आणि एक थाना, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. माझ्या कचेरीत याला अटीची पूर्तता न झाल्यामुळे दावा नामंजूर म्हणतात.

पण नाना उठले नाहीत. त्यांनी हातमोजे मागितले आणि चिमटा मागितला. एक फूल काढायला लावलं, मांडीवरच्या कागदावर ठेवलं आणि बोटांनी आणि भिंगाने त्याचा एक एक भाग वेगळा करत गेले. ते मोठ्याने बोलत होते, वर्गात बोलत असावेत तसे. पाच पाकळ्यांसारखी दलं. वरचं टोपीचं. टोपीच्या आत दोन देठवाल्या मधाच्या पिशव्या. पुंकेसर पुष्कळ. सगळं जुळत होतं. मग ते थांबले.

"फूल बचनागाचं आहे, शंका नाही," ते सावकाश म्हणाले. "सगळी पुस्तकं म्हणतात निळं. तुम्ही तिघं म्हणता निळं. मला तपकिरी दिसतं. म्हणजे साधनात बिघाड आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "साधन दुरुस्त केल्याशिवाय निरीक्षण लिहिता येत नाही. निवेदिता, त्या डॉक्टरला फोन कर."

तीन वर्षं लेकीने रडून जे झालं नाही ते एका तपकिरी फुलाने केलं. निवेदिता फोन करायला जिन्यावरून जवळजवळ पळत गेली. सगळ्या तपासण्या होऊन एका डोळ्यासाठी शुक्रवारची तारीख मिळाली, पट्टी शनिवारी सुटणार. तोवर फुलं टिकवायची होती आणि ऊन वाढत चाललं होतं.

मध्येच शारदाकाकू आल्या. रविवारी महाशिवरात्र होती. त्यांचं म्हणणं असं की महादेवाने हलाहल पचवलं, म्हणजे विषाच्या फुलावर पहिला हक्क त्याचा. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या फूल मागायला आल्या होत्या, विचारून, फाटकात उभ्या राहून. आता महादेवाला नाही कसं म्हणायचं, असा मला प्रश्न पडला. मग मी त्यांना नानांच्या डोळ्याचं सांगितलं.

"आधी नाना," त्या म्हणाल्या. "महादेवाला घाई नसते."

त्या चार दिवसांत आमची गच्ची बघण्यासारखी होती. सकाळी मी बर्फ मांडत होतो. अकरा ते चार उदयसिंहजी पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसून फुलांवर छत्री धरत होते, आणि स्वतःच्या डोक्यावर ओला पंचा. शारदाकाकू पहाटे कोणी फुलाला हात लावू नये म्हणून पहारा देत होत्या. गल्लीत पहाटे फुलं तोडणारं दुसरं कोणीच नव्हतं, पण हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. छाछ मात्र कोणी आणली नाही.

शनिवारी पट्टी सुटली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, वाकू नका, धूळ टाळा, सांगितलं. घरी आल्यावर नाना खालच्या खोलीत न थांबता थेट जिन्याकडे वळले. पायऱ्या त्यांनी कठडा धरून एकट्यानेच चढल्या. वर तीन फुलं शिल्लक होती. उदयसिंहजींनी छत्री बाजूला घेतली.

नाना पिंजऱ्यापासून दोन हातांवर उभे राहिले. सावलीतच होते, म्हणून त्यांनी चष्मा थोडासा वर केला. आम्ही कोणीच विचारलं नाही. शारदाकाकूंनीसुद्धा नाही.

"मी मुलांना बरोबर सांगत होतो," नाना म्हणाले.

चौतीस वर्षांत किती मुलं झाली असतील, मी मनात हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला. नाना माझ्याकडे वळले, माझा खांदा चाचपला नाही, सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. ते "हं" नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्या दिवशी मी पास झालो.

मग त्यांनी निवेदिताकडे पाहिलं, आणि बघतच राहिले.

"तुझे केस पांढरे झाले?"

"तीन वर्षं झाली, नाना," निवेदिता म्हणाली. "रंगवणं सोडलं मी."

नानांनी हात पुढे करून तिच्या कपाळावरची एक बट बोटांत धरली, उजेडात वळवून पाहिली, आणि परत नीट कानामागे ठेवली.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख घे," ते म्हणाले. "लवकरची."